बुटीक पिकअप घेण्याआधी: पुण्यातल्या एका स्ट्रॅटचं प्रकरण

गिटार स्ट्रॅटोकॅस्टर (थोडक्यात स्ट्रॅट) घडणीची, मधल्या किमतीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या, एकेकाच वेटोळ्याच्या तीन भागांची. मालक पुण्यातल्या एका वाद्यवृंदात लीड गिटार वाजवतो. कोळीगीत, लावणी, पंचमदांची गाणी आणि शेवटी एखादं दणदणीत रॉक, हे सगळं त्याला एका रात्रीत एकाच गिटारवर निभवायचं असतं. शेजारी दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी. कार्यक्रम कधी बालगंधर्वला, कधी यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात, आणि गणपती-नवरात्रात उघड्यावरच्या मांडवात.

तो गिटार दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला तेव्हा त्याचं जवळजवळ ठरलं होतं. "दादा, १९६२च्या स्ट्रॅटची हुबेहूब नक्कल असलेला सेट अमेरिकेतून मागवतोय. तुम्ही फक्त बसवून द्या." छोट्या कारागिराने हाताने गुंडाळलेल्या अशा तीन पिकअपच्या सेटची किंमत साधारण २५० ते ३५० डॉलर असते. त्यावर कुरिअर, कस्टम आणि जीएसटी धरला की हातात पडेपर्यंत आकडा तीस हजारांच्या पुढे जातो. वाद्यवृंदात वाजवणाऱ्या मुलाने साठवलेले पैसे आहेत हे. त्यामुळे बसवून देण्याआधी, नक्की काय दुरुस्त करायचं आहे ते समजून घेऊ, एवढाच आग्रह मी धरला.

तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली होती: आवाज चांगला नाही. या वाक्यावरून कुठलाही भाग विकत घेता येत नाही. म्हणून त्याला वाजवायला सांगितलं आणि एकेक गोष्ट सुटी केली. ब्रिजचा, म्हणजे गिटारच्या बुडाकडचा पिकअप कानाला टोचतो. नेकचा, म्हणजे मानेकडचा पिकअप जाड तारांवर बंद-बंद वाटतो. स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी, म्हणजे मधला पिकअप अनुक्रमे ब्रिजच्या किंवा नेकच्या जोडीला ठेवल्यावर स्ट्रॅटची ओळख असलेली काचेसारखी किणकिण येत नाही. आणि मांडवात सतत घरघर. या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि त्यातली काही पिकअपमध्ये नसतीलच, हे मला त्याच्या मांडणीवरूनच दिसत होतं.

पिकअपच्या बाहेरची कारणं

सगळ्यात आधी ब्रिजचं टोचणं. आपल्याकडे वाद्यवृंदात गिटारिस्ट अँप क्वचितच नेतो. गिटारची केबल मल्टिइफेक्ट प्रोसेसरमध्ये जाते आणि तिथून थेट मिक्सरला. इथे एक गोष्ट नेहमी निसटते. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो, आणि इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसलेला आहे तो हा कापलेला आवाज आहे. मिक्सरला जोडलेले मोठे स्पीकर वरचं काहीच कापत नाहीत. म्हणून प्रोसेसरमध्ये कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा भाग असतो, आणि थेट मिक्सरला जाताना तो चालू असावाच लागतो. याच्या प्रोसेसरचा आउटपुट अँपला जोडण्यासाठीच्या सेटिंगवर होता, म्हणजे तो भाग बंद. सेटिंग बदललं आणि टोचण्याचा मोठा वाटा तिथेच गेला.

उरलेला वाटा वायरिंगमध्ये होता. स्ट्रॅटच्या पारंपरिक जोडणीत दोन टोन नॉब नेक आणि मधल्या पिकअपसाठी असतात, ब्रिजला टोनच नसतो. स्विचवर एक छोटी वायर जोडली की दुसरा टोन नॉब मधल्या आणि ब्रिजच्या, दोन्ही पिकअपना लागू होतो. यात आणखी एक फायदा दडलेला आहे. टोनचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टन्स) पूर्ण उघडा, म्हणजे दहावर असला तरी तो पिकअपवर थोडा भार टाकतो आणि वरचं टोक किंचित बसवतो. बऱ्याच जणांना हवा असलेला मवाळपणा नॉब न फिरवताच मिळतो तो यामुळे.

मग नेकचा बंदपणा. व्हॉल्यूमचा पॉट २५० किलोओहमचा असायला हवा. या पॉटना वीस टक्के मागे-पुढे चालतं, आणि याचा पॉट २०५ भरला. पॉट जितका कमी, तितका आवाज दबलेला. तो बदलला. पण खरी गंमत केबलची होती. मोठ्या मंचावर फिरता यावं म्हणून तो १० मीटरची केबल वापरत होता.

केबलचा संबंध इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण पिकअपची निवड पुढे यावरच उभी राहते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या वेढ्यांना इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण असतो आणि तो हेन्रीत मोजतात. केबलला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून एका ठराविक फ्रीक्वेन्सीवर आवाज उसळतो आणि तिच्या वर झपाट्याने पडतो. ही उसळी कुठे आहे, यावर पिकअप तेजदार वाटणार की गुबगुबीत, हे बऱ्याच अंशी ठरतं. पिकअप नुसता टेबलावर ठेवून त्याच्या आवाजाबद्दल बोलणं म्हणूनच अपुरं असतं. तो केबलसकटच ऐकायचा.

याच्या पिकअपचा इंडक्टन्स ३.१ हेन्री भरला. पिकअपचे स्वतःचे ११० पिकोफॅरड धरून हिशेब केला. १० मीटर केबलला उसळी सुमारे २,७०० हर्ट्झवर येते, ५ मीटरला सुमारे ३,६५० वर. पिकअप तेच, गिटार तीच, आणि फक्त केबल निम्मी केल्यावर साडेनऊशे हर्ट्झचा फरक. हा आकडा त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. प्रोसेसर मंचावर थोडा पुढे सरकवून ५ मीटरची चांगली केबल वापरायची, असं ठरलं. ज्यांना लांब केबलशिवाय गत्यंतर नाही त्यांनी गिटारच्या जवळच एक बफर (सिग्नल पुढे ढकलणारं छोटं सर्किट) लावावा, म्हणजे पुढच्या केबलचा भार पिकअपवर येत नाही.

पिकअपची उंचीही पाहिली. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि चुंबकाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडर कंपनी सुरुवातीचं माप जाड तारेला २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेला २ मिलिमीटर देते. याच्या गिटारवर नेकचा पिकअप जाड बाजूला खूप वर चढवलेला होता. आवाज मोठा मिळावा म्हणून लोक तसं करतात आणि त्याच तारा मग गढूळ होतात.

एवढं करून मी त्याला परत पाठवलं. याच मांडणीवर काही कार्यक्रम वाजव, मग बोलू.

मग काय उरलं

तो परत आला तेव्हा त्याची यादी आखडली होती. ब्रिज आता टोचत नव्हता, पण किरकोळ वाटत होता, ढोलकी आणि कीबोर्डमध्ये हरवत होता. नेक बराच खुलला होता. दुसऱ्या-चौथ्या जागेची किणकिण अजून येत नव्हती. घरघर होती तशीच. आता मात्र पिकअप बदलण्याचा विचार योग्य होता, कारण आता आपण काय शोधतोय ते आपल्याला ठाऊक होतं. गिटारची मान सरळ, फ्रेट शाबूत, नट नीट कापलेला, लाकूड जिवंत. अशा गिटारवर पैसे घालावेत. फ्रेट झिजलेल्या गिटारवर तीस हजारांचे पिकअप घालायला मी कधीच सुचवत नाही, आधी फ्रेट.

पिकगार्ड उघडल्यावर आतलं दिसलं. तिन्ही पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक अशा पोलादी खुंट्या आणि त्यांच्या खाली चिकटवलेल्या सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या. जुन्या स्ट्रॅटमध्ये खुंट्याच चुंबक असतात, अल्निकोच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या. सिरॅमिक म्हणजे हलक्या दर्जाचं, असा समज आहे. तो मला मान्य नाही. १९७२ साली लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आणला आणि बदली पिकअपचा बाजारच रुळवला. त्याचं चुंबक सिरॅमिक आहे. प्रश्न चुंबकाचा नाही, खुंटीच्या पोलादाचा आहे. पोलाद इंडक्टन्स वाढवतं आणि वरच्या पट्टीतला काही भाग आतल्या आत गिळतं.

याचा पुरावा मीटरवर होता. तिन्ही पिकअपचा रेझिस्टन्स ६ किलोओहमच्या आसपास, म्हणजे जुन्या स्ट्रॅटच्या पिकअपइतकाच. फक्त रेझिस्टन्स पाहणारा म्हणेल, पिकअप तर तसेच आहेत! पण अल्निको खुंट्यांचा तेवढ्याच रेझिस्टन्सचा पिकअप साधारण २.२ ते २.५ हेन्री भरतो. याचे ३.१ होते. हा फरक कानाला ऐकू येत होता आणि रेझिस्टन्सच्या आकड्यात कुठेच दिसत नव्हता.

विकणारे अजूनही रेझिस्टन्सचाच आकडा पुढे करतात, आणि जितका जास्त तितका पिकअप दमदार असं गिऱ्हाईक धरून चालतं. ही तुलना फक्त एकाच जाडीच्या तारेत आणि एकाच घडणीत खरी ठरते. तार बारीक झाली की वेढे तेवढेच असूनही रेझिस्टन्स चढतो. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला जवळपास ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांच्या खोलीत ६ किलोओहम भरणारा पिकअप पुण्यात मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी ६.४ भरेल. पिकअप बदललेला नसतो, हवा बदललेली असते. त्यामुळे वाइंडरला, म्हणजे पिकअप गुंडाळणाऱ्या कारागिराला, इंडक्टन्स विचारा, आणि तोही १०० हर्ट्झसारख्या खालच्या फ्रीक्वेन्सीवर मोजलेला.

१९६२ची नक्कल का नको

त्याच्या मनातला सेट वाईट नव्हता. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या स्ट्रॅटला जे प्रेम मिळतं ते उगाच नाही. फेंडरच्या फुलरटनमधल्या कारखान्यात कॉइल गुंडाळताना तार बोटांनी इकडून तिकडे नेली जायची, वेढे साधारण ७,६०० ते ८,३०० च्या दरम्यान पडायचे, आणि प्रत्येक पिकअप थोडा वेगळा निघायचा. हे काम बहुतांश स्त्रियांच्या हातांनी झालं. त्यातल्या अ‍ॅबिगेल इबारा १९५६ साली फेंडरमध्ये आल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. आज बुटीक वाइंडर ज्या हातगुणाची गोष्ट सांगतात तो या बायकांचा हातगुण आहे, आणि त्यांची नावं गिटारिस्टांना ठाऊक असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

पण हाताने विस्कळीत गुंडाळल्यामुळे पडणाऱ्या फरकाबद्दल जितकं बोललं जातं तितका तो मंचावर ऐकू येत नाही, असं माझं मत आहे. अशा गुंडाळणीने कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स कमी होतो, हे खरं. पण तो मुळात शंभर-सव्वाशे पिकोफॅरडचा, आणि पुढे केबलचे पाचशे उभे. हाताने गुंडाळणाऱ्या चांगल्या कारागिराला पैसे द्यावेत ते त्याने वेढे, चुंबक आणि खुंट्यांची उंची आपल्या गिटारसाठी जुळवून द्यावी म्हणून.

आता नकलेच्या दोन अडचणी. पहिली खुंट्यांच्या उंचीची. जुन्या स्ट्रॅटमध्ये सहा खुंट्या एका पातळीत नसतात. जीच्या (तिसऱ्या) तारेखालची खुंटी उंच आणि बीची (दुसरीची) बुटकी. त्या काळी जीची तारही गुंडाळलेली असायची. तिचा पोलादी गाभा बारीक, म्हणून ती चुंबकाला कमी प्रतिसाद द्यायची, आणि तिची खुंटी वर घेतलेली होती. आज तारांच्या दहा नंबरच्या सेटमध्ये जीची तार इंचाच्या सतरा हजारांश जाडीची, सबंध पोलादी. तिच्याखाली ती जुनी उंच खुंटी आली की जी सगळ्यांच्या वर ओरडते आणि बी मागे पडते. शिवाय जुन्या फिंगरबोर्डची गोलाई सव्वासात इंचांची, याच्या गिटारची साडेनऊ इंचांची, म्हणजे जास्त सपाट. सपाट फिंगरबोर्डवर हा असमतोल आणखी वाढतो. लावणीतले झपाट्याचे तुकडे वाजवताना एकच तार उठून दिसली तर गाणं बिघडतं.

इथे एक कळकळीची सूचना. अशा पिकअपची उंच खुंटी बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबायचा मोह होतो. जुन्या घडणीत कॉइल थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. खुंटी सरकली की आतली तार तुटते आणि पिकअप मुका होतो. केसाहून बारीक असलेली ती तार पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य. सगळी कॉइल नव्याने गुंडाळावी लागते.

दुसरी अडचण घरघरीची, आणि याच्या बाबतीत तीच निर्णायक होती. १९६२च्या स्ट्रॅटमध्ये तिन्ही पिकअपची गुंडाळणी आणि चुंबकांची दिशा एकच असायची. आजच्या बहुतेक सेटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असतो. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र आले की तारांचा आवाज जुळतो आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकांना खोडते. मी होकायंत्र धरून पाहिलं. याच्या गिटारचे तिन्ही पिकअप एकाच ध्रुवाचे होते. म्हणजे पाचही जागी घरघर. हुबेहूब नक्कल आणली असती तर तीस हजार खर्चून तीच घरघर कायम राहिली असती.

घरघर म्हणजे दोन वेगळे आजार

इथे थोडं थांबतो, कारण मांडवात वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी आहे. गिटार हातात घेऊन जागच्या जागी हळूहळू वळायचं. दिशेप्रमाणे गुणगुण कमी-जास्त झाली तर ती चुंबकीय आहे, जवळच्या ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरमधून येणारी, आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींमधली. ती फक्त दोन कॉइलनीच खोडता येते. तारांना हात लावल्यावर खरखर थांबत असेल तर ती विद्युत क्षेत्राची आहे, दिव्यांच्या डिमरमधून वगैरे येणारी. तिला आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावून ग्राउंडला जोडणं हा इलाज आहे. तांब्याच्या पत्र्याने पहिल्या प्रकारची गुणगुण जात नाही, आणि लोक पत्रा लावून निराश होतात ते यामुळे. याच्या गिटारला दोन्ही आजार होते. आम्ही पोकळीला आणि पिकगार्डच्या मागे पत्रा लावला, सगळे तुकडे एकमेकांना झाळले आणि एकाच ठिकाणी ग्राउंड केले.

अर्थिंगचं वेगळं सांगतो, कारण हा आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. मांडवातलं अर्थिंग सदोष असेल तर गिटारवर हात आणि ओठ माइकला, असा जोरदार झटका बसू शकतो. साउंडवाल्याकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय केबल लावू नये. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तर कधीच काढू नये.

घरघरीमुळे नॉइजलेस पिकअपचाही विचार केला. यात बहुधा एकाखाली एक अशा दोन कॉइल असतात आणि खालची फक्त गुणगुण खोडते. ऑस्ट्रेलियातल्या किनमनसारख्यांनी हा प्रकार फार पुढे नेला आहे. तो ब्रिजच्या पिकअपवर भरपूर गेन लावून, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवून रात्रभर वाजवणारा असता तर मी बिनदिक्कत हेच सुचवलं असतं. पण त्याचं निम्म्याहून जास्त वाजवणं स्वच्छ आवाजात, दुसऱ्या-चौथ्या जागी. तिथे उलट गुंडाळलेला मधला पिकअप फुकटात काम करतो, आणि त्याला हवी असलेली किणकिण साध्या सिंगल कॉइलमध्ये सहज मिळते. हंबकर, म्हणजे गुणगुण खोडणारा दोन कॉइलचा पिकअप, ब्रिजला घालण्याचाही विषय निघाला. पिकगार्ड कापावा लागला असता आणि दुसऱ्या जागेचा आवाज बदलला असता, म्हणून सोडला.

मागणी कशी घातली

व्हर्जिनियातल्या रिचमंडचे लिंडी फ्रॅलिन, वॉशिंग्टन राज्यातले जेसन लॉलर, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे बेअर नकल, अशी नावं त्याने आधीच काढून ठेवली होती. यातले सगळे आपापल्या कामात उत्तम. पण या वेळी आम्ही नावापासून सुरुवात न करता मापांपासून केली आणि तीच मापं काही वाइंडरना पाठवली. शेवटी ज्याच्याकडून घेतले त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. हीच मापं देऊ शकणारे अनेक आहेत, आणि नावाच्या मागे जाऊन दुसऱ्या कुणी याच्या गिटारचा सेट आपल्या गिटारवर चढवू नये.

मापं अशी होती. तिन्ही पिकअपमध्ये अल्निको ५च्या खुंट्या. नेक आणि मधला सुमारे २.३ हेन्री, मधला उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा. ब्रिजला जास्त वेढे आणि खाली पोलादाची पट्टी, जशी टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपला असते, मिळून सुमारे २.९ हेन्री. ही पट्टी ग्राउंडला जोडलेली हवी, नाहीतर तीच खरखर पकडते. ब्रिजचा किरकोळपणा भरून काढण्यासाठी हे होतं. खुंट्यांची उंची आजच्या तारांना आणि साडेनऊ इंची गोलाईला जुळणारी, म्हणजे जीची खुंटी उतरलेली. मेणात बुडवून पक्के केलेले, कारण मोठ्या मॉनिटरसमोर सैल कॉइल शिट्टी मारते. आणि प्रत्येक पिकअपवरचं पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर. हे अंतर सगळ्या स्ट्रॅटना एक नसतं. जुन्या सहा स्क्रूंच्या ब्रिजवर ते जवळपास ५६ मिलिमीटर असतं, आजच्या अनेक ब्रिजवर साडेबावन्न. खुंट्या तारांखाली यायला हव्या असतील तर आपल्याच गिटारवर मोजावं.

दोघांनी फक्त किंमत कळवली. एकाने उलट प्रश्न विचारले: तारा कुठल्या जाडीच्या, केबल किती मीटरची, अँप की थेट मिक्सर? थेट मिक्सर म्हटल्यावर त्याने ब्रिजला आम्ही मागितले त्याहून थोडे कमी वेढे सुचवले आणि कारणही दिलं: पट्टीमुळे इंडक्टन्स वाढणारच, वेढेही जास्त घातले तर दुसरी जागा बुजेल. हे पटलं. काम त्यालाच दिलं.

बसवणं आणि निकाल

पार्सल यायला वेळ लागला, पण मोजल्यावर तिन्ही पिकअप सांगितलेल्या मापांच्या अगदी जवळ निघाले. बसवताना आधी फेज, म्हणजे तिघांचा सिग्नल एकाच दिशेने येतो का ते, तपासली. काट्याचा मीटर पिकअपला जोडायचा, खुंटीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून उचलायचा आणि काटा कुठल्या बाजूला झटका देतो ते पाहायचं. मधल्या पिकअपच्या बाबतीत चुंबक आणि गुंडाळणी दोन्ही उलट असल्याने काटा बाकीच्या दोघांसारखाच हलला पाहिजे. तसा हलला. टेबलावर लोखंडाचा कीस राहू नये याची काळजी घेतली. तो चुंबकाला चिकटला की कॉइलपर्यंत पोचतो.

अल्निको ५ जोरकस चुंबक आहे. नेकचा पिकअप जवळ आणला की जाड तार वरच्या फ्रेटवर थरथरते, स्वर डळमळतो आणि सूर लागतच नाही. चुंबक तारेला ओढत असतो. त्यामुळे नेक बराच खाली उतरवला, जाड बाजूला ३ मिलिमीटरपर्यंत. ब्रिज २.२ आणि १.८ वर स्थिरावला. तिन्हींचा आवाज सारखा मोठा वाटेपर्यंत स्क्रू फिरवत बसलो, आणि या कामात घाई चालत नाही. एका स्क्रूच्या अर्ध्या वळशाने जो फरक पडतो तो दोन वेगळ्या कंपन्यांच्या पिकअपमधल्या फरकाइतका असू शकतो.

जुन्या पिकअपवर एक तुकडा आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता: तोच प्रोसेसर, तीच केबल, तेच सेटिंग. नवे बसवल्यावर तोच तुकडा पुन्हा घेतला आणि दोन्हींची पातळी सारखी करून ऐकलं. पातळी सारखी न करता ऐकलं तर जो मोठा तोच चांगला वाटतो. सगळ्यात मोठा फरक दुसऱ्या-चौथ्या जागी होता. ५ मीटर केबलला उसळी आता ४,२०० हर्ट्झच्या वर गेली होती आणि हवी ती किणकिण आली होती. नेकमध्ये जाड तारा सुट्या ऐकू आल्या. ब्रिज भरीव झाला, ढोलकीच्या वर राहिला. मात्र त्याचं टोचणं गेलं होतं ते प्रोसेसरच्या आणि टोनच्या दुरुस्तीने, पिकअपने नाही. हे त्यालाही मी स्पष्ट सांगितलं.

पुढच्या मोसमात मांडवांत दुसरी-चौथी जागा शांत राहिली. नेक आणि ब्रिज एकेकटे वाजवताना गुणगुण अजून आहे, आणि जनरेटरजवळ उभं राहिलं तर चांगलीच आहे. तिथे तो जागा बदलतो, अंग वळवून शांत दिशा शोधतो आणि रॉकच्या गाण्यांना प्रोसेसरमधला नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा भाग) लावतो. हे आधीच ठाऊक असल्याने त्याची निराशा झाली नाही. जुने पिकअप त्याने वायरींवर खुणा करून जपून ठेवले आहेत.

त्याच वाद्यवृंदातला दुसरा गिटारिस्ट हे ऐकून त्याच वाइंडरकडे मागणी घालायला निघाला होता. त्याची गिटार दोन हंबकरची, पॉट ५०० किलोओहमचे, गाणी वेगळी, तक्रारही वेगळी. तिच्यावर सध्या फक्त उंची आणि केबल बदलली आहे, आणि नेकच्या पिकअपचा इंडक्टन्स मोजायचा बाकी आहे.